येणार आहेत

फुलसावंगी, ता. महागाव
रविवार, १९ एप्रिल २०२६

चि. प्रेरणास,

अनेक आशीर्वाद.

तू म्हणालीस, "बाबा, फोनवर तुम्ही शब्द फिरवता. जे म्हणायचं ते लिहून पाठवा, म्हणजे कोणता शब्द वापरला ते मला दिसेल." म्हणून लिहितो आहे. मध्ये कुठे शाई फुटलेली दिसली तर मी शब्द खोडला असं समजू नको. दुकानात कूलर आहे, पण लाइन नाही. घाम थेट कागदावर उतरतो आहे.

होळीच्या दिवशी जे झालं ते आधी संपवतो. रामरावमामा दुकानात बसला होता, तुझा फोन चालू होता. "पोरीसंगं तिकडे कोण राह्यते?" असं त्याने विचारलं आणि मी म्हटलं, "रूम पार्टनर आहे." ते तुला ऐकू गेलं आणि तू फोन ठेवलास. आता शब्दाशब्दाने पाहिलं तर तुमची रूम एकच, आणि तुम्ही पार्टनर. म्हणजे मी खोटं बोललो नाही. तू म्हणशील, पाहा, फिरवला. बरं. फिरवला.

मूळ विषय वेगळा आहे. काल जेवताना तुझ्या आईने विचारलं, "धोंड्याचा महिना येऊन राह्यला. अनारशाचे तांदूळ भिजत घालू का नको?"

मी म्हटलं, घाल, खायला काय झालं.

"खायचं नाई विचारून राह्यली. वाण कोणाले द्यायचं ते विचारून राह्यली. लेकीच्या घरात माणूस हाय अन् आपण त्याले जेवाले बोलावत नाई, हे मले बरं नाई वाटत."

माणूस हा शब्द तिने निवडून घेतला की सहज आला, ते मला कळलं नाही. पण मला तो पसंत पडला. त्यानंतर ती भांडी घासायला गेली.

तू दिवाळीला आईच्या मोबाइलवर फोटो पाठवला होतास, तुम्हा दोघींचा. तो मी पाहिला नाही असं तुला वाटत असेल. पाहिला. मोठा करून पाहिला. किरणच्या अंगावरचा चौकड्यांचा शर्ट रेडिमेड आहे आणि शोल्डर दीड इंच खाली उतरलेलं आहे. कॉलरीत दोन बोटं जाऊन वर जागा उरते. मी कोणा उस्तादाच्या हाताखाली शिकलो नाही, जुने शर्ट उसवून उसवून शिकलो, पण असा शर्ट माझ्या दुकानातून कधी बाहेर गेला नाही. टेलरच्या घरचं माणूस असं पुण्यात फिरतं, हे मला बघवत नाही. तेव्हा मापं पाठव: उंची, छाती, कंबर, सीट, शोल्डर, बाही, कॉलर. शोल्डर मागून घ्यायचं, पुढून नाही.

आणि आईला तांदळाचं काय सांगू ते कळव.

तुझा बाबा

*

फुलसावंगी
मंगळवार, ५ मे २०२६

चि. प्रेरणास,

पत्र मिळालं, मापं मिळाली. शोल्डर पंधरा लिहिलं आहेस. छाती पाहता पंधरा बरोबर बसतं, म्हणजे टेप मागूनच धरला. शाबास.

तुझी अट पुन्हा पुन्हा वाचली. तू लिहितेस, "आम्ही येऊ. पण किरण रूम पार्टनर म्हणून येणार नाही. मागे मी पोह्यांच्या बशा तशाच टाकून संध्याकाळच्या बसने परत आले. या खेपेला किरणला घेऊन तशी परत आले, तर बाबा, पुन्हा येणार नाही. मामाला, कय्युमकाकांना काय सांगून ठेवलं ते आधी लिहा."

तर सांगून ठेवलं आहे. आणि एकही खोटा शब्द बोललो नाही.

झालं असं. केळापूरचं ते पोह्यांचं स्थळ रामरावमामाने आणलं होतं, म्हणून तू गेल्यापासून तो दर आठवड्याला दुकानात येऊन एकदा तरी तुझ्या लग्नाचं काढतो. परवा आला, टोपीने वारा घेत बसला आणि म्हणाला, "अधिक महिना लागून राह्यला. लोकायच्या घरी जवाई येतीन. माह्या बहिणीच्या, विमलच्या घरी कोण येईन?"

मी पायडल थांबवलं आणि म्हटलं, "प्रेरणाबरोबर किरण येणार आहेत. धोंड्याच्या जेवणाला."

"किरण?"

"किरण. पुण्यालाच राहतात. दवाखान्यात एक्स-रे काढतात."

मामाचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "म्हंजे कोर्टात झालं? अन् तू आता सांगून राह्यला, लेका? मी काय परका हाय?" मी म्हटलं, "मिळून राहतात, सुखात आहेत." तो उठून माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

आता तुला यातली खुबी सांगतो. मराठीत 'येणार आहेत' याला बाई-बाप्या कळत नाही. आदराचं बहुवचन लावलं की 'राहतात', 'काढतात', 'जेवतात', सगळं सारखं. मी आठवी पास माणूस, पण हे व्याकरण वर्तमानपत्रातल्या चुका काढत काढत स्वतः शिकलो. मामाने काय समजायचं ते त्याचं त्याने समजून घेतलं. अडचण आपल्या बोलीत आहे. 'येऊन राह्यले' म्हटलं की बाप्या, 'येऊन राह्यल्या' म्हटलं की बाई. तिथे लगेच उघडं पडतं. म्हणून मी जरा पुस्तकी बोललो.

कय्युम समोरच काज करत बसला होता. तोंडात दोरा, पण कान मोकळे. मामा गेल्यावर म्हणाला, "बापूभाई, आज काहून रेडिओवानी बोलून राह्यला?"

"कसं?"

"येणार आहेत, राहतात, काढतात. वीस साल झाले आपल्याले संगं बसून. तुह्या तोंडून 'येणार आहेत' मी पयल्यांदा ऐकलं."

मी म्हटलं, काज बारीक घाल, दोरा दिसून राह्यला.

आता शर्टाचं. कापड घेतलं, फिकट निळं, सुती, धुवून आटवून ठेवलं. पण एक गोष्ट अडली आहे. शर्ट गेन्ट्सचा असला तर काज डाव्या पट्टीवर आणि बटण उजव्या. लेडीजचा असला तर उलट. हे कोणी ठरवलं मला माहीत नाही. मी ज्या पहिल्या शर्टाची शिवण उसवली त्यातही असंच होतं, आणि तेव्हापासून मी कधी विचारलं नाही. किरण यांना कोणत्या बाजूचं पाहिजे?

तांदूळ कधी भिजत घालायचे, तारीख कळव.

तुझा बाबा

*

फुलसावंगी
बुधवार, २० मे २०२६

चि. प्रेरणास,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. "बाबा, आम्ही पोचल्यावर काय म्हणाल?"

पोस्टमनने कार्ड कय्युमच्या हातात दिलं होतं. त्याने वाचलं नाही असं तो म्हणतो. उलटं धरून आणून दिलं, म्हणजे वाचलं.

खरं आहे. तुम्ही बसमधून उतरलात की भविष्यकाळ संपला. मग 'आले' म्हणावं लागेल किंवा 'आल्या'. तिसरं मला सापडलं नाही. 'पोचणं झालं', 'आगमन झालं', असे काही मी जुळवून पाहिले. तुझ्या आईला म्हणून दाखवले. ती पुरण वाटत होती, वाटता वाटता थांबली.

"आगमन? गणपती बसवून राह्यले का?"

मी 'येणं झालं' म्हणून पाहिलं.

"तुमचं व्याकरण तुमच्यापाशी ठेवा. दादाले मी सांगू का?"

मी म्हटलं, नाही. दुकान माझं, तोंड माझं.

"मंग उघडा."

तुझ्या आईचं मला नवल वाटतं. दोन वर्षांपूर्वी तू स्वयंपाकघरात तिला सांगितलंस तेव्हा ती रडली, आणि चार-सहा महिने कोणाशी नीट बोलली नाही. नंतर एके दिवशी तिने तुला फोन लावून विचारलं, किरणला तिखट चालतं का. मी ते बाहेरून ऐकलं. एवढ्या एका प्रश्नात ती पलीकडे पोचली होती. मी परवापरवापर्यंत पट्टीच्या कोणत्या बाजूला काज, इथेच अडकलो होतो.

काल मी तिला विचारलं, की धोंड्याच्या महिन्यात लेक-जवाई म्हणजे लक्ष्मीनारायणाचा जोडा मानतात, त्याचं काय करायचं? म्हणाली, "दोघी लक्ष्म्या. घरात एक लक्ष्मी जास्त आली तं कोणाचं काय जाते?"



पण तुला खरं ते लिहायचं ठरलं आहे म्हणून लिहितो. मला बोलायचं आहे, पण जमेल की नाही ते सांगता येत नाही. मामाने उमरखेडहून जवायासाठी टोपी आणि जरीकाठी दुपट्टा आणला आहे. आपल्या हाताने घालणार म्हणतो. रोज येतो आणि विचारतो, "कधी येऊन राह्यले जवाई?" आणि मी रोज तारीख सांगतो, फक्त तारीख. संध्याकाळी दुकानात कोणी नसताना मी मशीनसमोर बसून तो एक शब्द मोठ्याने म्हणून पाहतो. मशीनसमोर येतो. माणसासमोर आला पाहिजे.

किरणचं बटणाबाबत उत्तर तू तारखेबरोबर आईच्या मोबाइलवर पाठवलंस, "ती म्हणते, मी कायम जेन्ट्स सेक्शनमधूनच घेते, कधी लक्षच गेलं नाही. बाबांना योग्य वाटेल तसं." योग्य म्हटल्यावर मी नियमाने जाणार. बाईचा शर्ट, लेडीज बाजू. काज उजवीकडे. कापून झाला आहे, आणि कापड इतकं छान पडलं आहे की कय्युमही काज सोडून हात लावायला आला.

ठरल्याप्रमाणे शनिवारी ६ जूनला या. उमरखेडहून अकराची बस धरा. ती आपल्या दुकानासमोर थांबते. तांदूळ मंगळवारी भिजतील.

तुझा बाबा

*

फुलसावंगी
शुक्रवार, १२ जून २०२६

चि. किरण यांस,

हे पत्र तुम्हाला आहे, प्रेरणाला नाही. तिला वाचू द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

'चि.' लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की हेही मुलाला चालतं आणि मुलीलाही चालतं. सवय लवकर जात नाही. निघताना तुम्ही म्हणालात, "बाबा, मला अगं-तुगं करा, अहो-जाहो नको." ते जमणार नाही. आमच्याकडे जवायाला अहो-जाहो करतात, आणि तुमच्या वेळेला त्यात एक मात्रा कमी झाली असं कोणी म्हणायला नको.

जेवताना तुम्ही विचारलं, "हा दुपट्टा कोणी दिला?" प्रेरणाच्या आईने सांगितलं, "मामानं." मग तुम्ही विचारलं, "मामा कुठं आहेत?" आणि ती धोंडे वाढायला उठली. ती उठून गेली त्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी हे पत्र.

तुम्ही बसमधून उतरलात तेव्हा दुकानात आम्ही तिघं होतो. मी, कय्युम आणि रामराव. प्रेरणाची आई भाकरतुकडा घेऊन धावत आली, तुमच्या दोघींवरून ओवाळला, पायावर पाणी घातलं आणि तुम्हाला सरळ दुकानामागच्या घरात नेलं. तिने इतकी घाई केली की रामरावाला तुम्ही पाठमोऱ्याच दिसलात. आखूड केस, खांद्यावर बॅग, शर्ट-प्यांट. तो लगेच उठला, पिशवीतून टोपी-दुपट्टा काढला आणि मला म्हणाला, "आले ना जवाई?"

प्रश्न त्याने असा विचारला, की मला नुसतं 'हो' म्हणता आलं असतं. किंवा मान हलवता आली असती. पुस्तकी बोलायचीही गरज नव्हती. मी कात्री खाली ठेवली.

"जवाई आल्या," मी म्हटलं.

"आल्या?"

"हाव. आल्या."

तो हसला. "अबे, दुसऱ्याच्या लग्नपत्रिकेतल्या चुका काढत फिरतो, अन् तूच चुकून राह्यला? जवाई आले म्हणते माणूस."

"नाई चुकलो. आपल्या प्रेरणाची जवाई बाई हाय. किरण. दोघी संगं राह्यतात, जसे आपण आपल्या बायकोसंगं राह्यतो तशा. मी तुले महिनाभर 'येणार आहेत' म्हटलं ते याच्याचसाठी. आता आल्या."

मशीन बंद, कूलर बंद, रस्त्यावर एक ट्रॅक्टर निघून गेला. कय्युमने तोंडातला दोरा काढला.

"मले तं तवाच समजलं होतं," तो म्हणाला. "हा माणूस साधं बोलाचं सोडून शुद्ध बोलाले लागला, तवाच म्हटलं, काही तरी हाय. अन् एक्सरे काढनारीपासून काय लपवता, रामरावभाऊ? तिले तं आतलं सगळंच दिसते."

रामराव हसला नाही. मला म्हणाला, "विमलले मालूम हाय?"

"तिनंच बोलावलं."

"लोक काय म्हनतीन, बापू?"

मी म्हटलं, "काय म्हणायचं ते त्याईले मी शिकवीन. शब्द एकच हाय, कठीण नाई."

तो उभाच होता. हातात टोपी आणि दुपट्टा. माझ्याकडे नाही, आतल्या दाराकडे पाहत होता. तुम्ही तेव्हा हातपाय धूत होतात आणि प्रेरणा कशावर तरी मोठ्याने हसली. दोन वर्षांनी त्या घरात ते हसू ऐकू आलं. ते रामरावानेही ऐकलं. लहानपणी तीच पोर त्याच्या खांद्यावर बसून पोळा पाहायला जायची.

मग त्याने टोपी पिशवीत परत ठेवली. दुपट्टा काउंटरवर ठेवला, घडी बोटाने सरळ केली आणि जेवायला न थांबता गेला.

टोपी नेली, दुपट्टा ठेवला. मी सहा दिवस याचाच विचार करतो आहे. टोपी बाप्याची, ती त्याला तुमच्या डोक्यावर ठेवता येईना. दुपट्टा कोणालाही चालतो. त्याच्या परीने त्याने त्या वेळेला चालेल तेवढं मोजून दिलं असं मी धरतो. तो दुपट्टा त्याने स्वतःच्या हाताने ठेवला होता, चुकून राहिलेला नव्हता. हे तुम्हाला माहीत असावं, म्हणून लिहिलं.

काल तो दुकानात आला होता. लग्नाचं काढलं नाही. सदऱ्याची बाही उसवली होती ती पुढे केली. मी शिवून दिली. जाताना म्हणाला, "अनारसे उरले काय?" प्रेरणाच्या आईने डबा भरून दिला.

आता शर्टाचं.

तुम्ही जेवायच्या आधी तो घालून आलात. शोल्डर जागच्या जागी, कॉलर बरोबर, बाही मनगटाच्या हाडावर. प्रेरणा म्हणाली, "बाबा, पहिल्यांदा हिच्या मापाचा शर्ट झाला." मी वरून काही दाखवलं नाही, पण मनातून फार खूश झालो. मात्र तुम्हाला बाहेर यायला उशीर झाला होता. दाराशी तुम्ही शेवटचं बटण लावत होतात आणि बोटं उलटीच वळत होती. एकदा बटण सुटलं, तुम्ही खाली पाहून लावलं. मला दिसलं.

मी नियमाने शिवलं आणि तुमच्या हाताला तो नियम माहीतच नव्हता. एकदा पडलेलं काज बुजत नाही. म्हणून 'धुवून पाठवतो' म्हणत शर्ट ठेवून घेतला तो धुण्यासाठी नव्हे. समोरचे दोन्ही भाग काढून त्याच थानातून नवे कापले आणि बसवले. आता काज डावीकडे आहे, तुमच्या बोटांच्या सवयीच्या बाजूला. कय्युमने काज घालताना विचारलं, "गेन्ट्स का लेडीज?" मी म्हटलं, "किरणचा." तो म्हणाला, "बस, एवढंच पाह्यजे होतं," आणि असं बारीक काज घातलं की दोरा शोधावा लागेल.

शर्ट सोबत पाठवतो आहे. पहिल्या धुण्याला साबण कमी वापरा.

आमच्याकडे जवायाला दिवाळसणालाही बोलावतात. तेव्हा हे आमंत्रण आत्ताच समजा. लोक विचारायला आत्तापासून सुरुवात करतील, आणि या वेळेला मी पुस्तकी बोलणार नाही. 'येणार आहेत' हे मी दुकानातून काढून टाकलं आहे. विचारलं की आपल्या बोलीत सांगीन, पायडल न थांबवता: आमच्या जवाई दिवाळीले येऊन राह्यल्या.

आपला सासरा,
बापूजी